बगळा पांढरा कसा दिसावा?

(१९७४च्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



पोटभर जेवणानंतरचं पहिलं भाषण संयोजकांनी माझ्या गळ्यात घातलंय. हे मुद्दाम केलं असणार. दुपारच्या सुट्टीनंतरच्या तासाला डुलक्या काढण्यात आपल्या वर्गात माझा पहिला नंबर होता. त्यामुळे आज तुमच्यापैकी कुणाचा डोळा लागला, तर मला बोलायला तोंड नाही.

मी पक्ष्यांचे फोटो काढतो हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण सकाळी सकाळी ग्रुपवर फुलांच्या ‘सुप्रभात’मध्ये माझा एखादा बगळा घुसलेला असतो. संयोजक म्हणाले, “कॅमेऱ्याचं काहीतरी सांग, सगळ्यांना उपयोग होईल असं.” सांगतो. उजेड किती घ्यायचा आणि रंग कसा ठरवायचा, या दोनच गोष्टी सांगणार आहे. पण त्या सांगता सांगता मला एक कबुलीही द्यायची आहे. ती त्या समोरच्या भिंतीवर लावलेल्या फोटोबद्दल आहे. २०१९च्या मेळाव्यात मी शाळेला भेट दिलेला तो मोठ्या बगळ्याचा फोटो. मान वळवून एकदा बघून घ्या. शेवटी आपण त्याच्याकडेच येणार आहोत.

आपण १९७४ साली जुनी अकरावी देऊन शाळेबाहेर पडलो तेव्हा उजनी धरणाचं काम चालू होतं. धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. भीमेचं पाणी मागे पसरलं आणि आपल्यातल्या काहींची घरं, शेतं त्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. तेव्हा तिथे उभ्या राहणाऱ्या आपल्या मित्रांना काय वाटत असेल, ते मी सांगायला नको. त्याच पाण्याच्या उथळ कडेला, भिगवण, डिकसळ, कुंभारगावच्या बाजूला, आता हिवाळ्यात रोहित उतरतात, पट्टकादंब येतात, शेकाट्यांचे थवेच्या थवे असतात. मी बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले. २०११ साली पहिला चांगला कॅमेरा घेतला आणि रविवारी पहाटे तिकडे जायला लागलो.

पहिलं वर्षभर कॅमेरा त्या हिरव्या ‘ऑटो’च्या खुणेवर होता. पुस्तिका वाचायचा कंटाळा. बगळ्याचा फोटो काढला की चुन्याचा फराटा ओढल्यासारखा यायचा. पीस नाही, पंख नाही, काही नाही. तारेवरच्या कोतवालाचा काढला की आकाशात कुणी शाई सांडल्यासारखा यायचा. बायको म्हणाली, “एवढे पैसे घालून हे? त्यापेक्षा भिंतीला चुना तरी लावला असता.”

आणि एका रविवारी तो चुन्याचा बगळा बघताना मला आपले चित्रकलेचे सर आठवले. सर आज पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना हे आठवतंय का माहीत नाही. इंटरमिजिएटच्या तयारीला सरांनी पांढऱ्या चादरीवर पांढरी चिनीमातीची बरणी ठेवली होती. मी पांढऱ्या पोस्टर कलरची अख्खी बाटली त्यावर खर्च केली. सर मागून आले आणि म्हणाले, “पांढरा रंग बाटलीत राहू दे. कागद पांढराच आहे. तू सावली शोध. पांढऱ्यात सावली दिसली नाही, तर ती बरणी नव्हे, कागदाला पडलेलं भोक आहे.”

माझे सगळे बगळे म्हणजे कागदाला पडलेली भोकं होती.

आता थोडा तांत्रिक भाग. घाबरू नका, बीजगणितापेक्षा सोपा आहे.

कॅमेऱ्यात उजेडाचा हिशेब तीन खात्यांवर चालतो. पहिलं ॲपर्चर, म्हणजे भिंगातली खिडकी किती उघडी. दुसरं शटर, म्हणजे ती किती वेळ उघडी. तिसरं आयएसओ, म्हणजे आलेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून दाखवायचा. एका खात्यातून काढलं की दुसऱ्यात भरावं लागतं. शटर १/१०००वरून १/२००० केलं, तर उजेड निम्मा झाला. मग आयएसओ ४०० होता तो ८०० करा, फोटो पुन्हा तेवढाच उजळ. या दुप्पट-निमपटीला ‘एक स्टॉप’ म्हणतात. पक्ष्यांच्या बाबतीत शटरच्या खात्याला हात लावायचा नाही. बसलेल्या बगळ्याला १/५०० चालेल, पण उडणाऱ्याला १/२०००च्या खाली आलात तर पंखांची टोकं पुसट होतात. लांबच्या पक्ष्यासाठीची मोठी लेन्स फार उघडत नाही. माझी एफ ६.३पर्यंतच उघडते. म्हणजे दोन खाती जवळजवळ बांधलेली. खेळायला उरतो आयएसओ.

इथवर ठीक. खरी गंमत पुढे आहे. हा हिशेब कॅमेरा स्वतः करतो तेव्हा तो काय धरून चालतो? तो असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे. ना पांढरं, ना काळं. त्या बिचाऱ्याला बगळा माहीत नाही, कोतवाल माहीत नाही. त्याला फक्त उजेड मोजता येतो. पुढच्या चौकटीत सगळा बगळाच भरला, तर तो म्हणतो, “बापरे, फार उजेड,” आणि बगळ्याला करडा करून टाकतो. कोतवाल चौकटभर असला, तर त्याला धुरकट करून टाकतो. म्हणून पुस्तकात नियम सांगतात, पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस. कॅमेऱ्यावर प्लस-मायनसचं एक बटण असतं, त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. कॅमेऱ्याचा अंदाज आपण त्यावरून सुधारायचा.

हा नियम मी पाठ केला आणि त्या नियमानेच माझी एक अख्खी सकाळ खाल्ली. डिसेंबरची सकाळ, होडीत बसलोय, समोर गडद पाणी आणि त्यात दूरवर उभा असलेला एक बगळा. पांढरा पक्षी, म्हणून मी प्लस एक केलं. पण चौकटीत बगळा होता नखाएवढा, बाकी सगळं काळसर पाणी. कॅमेऱ्याने आधीच ‘अंधार आहे’ म्हणून उजेड वाढवला होता, त्यात मी आणखी एक स्टॉप भर घातली. दीडशे फोटो काढले. दीडशे भोकं.

म्हणजे नियम नुसत्या पक्ष्याच्या रंगावर नाही. पक्षी चौकटीत किती आणि त्याच्या मागे काय, यावर आहे. चौकटभर बगळ्याला प्लस. गडद पाण्यावरच्या लहानशा बगळ्याला मायनस एक, कधी त्याहून जास्त. तारेवरच्या कोतवालाच्या मागे उजळ आकाश असलं, तर तो काळा असूनही प्लस एक ते दोन. आणि शेकाट्या? त्याचे पंख काळे, पोट पांढरं. तिथे मी नेहमी पांढऱ्याची बाजू घेतो. काळ्यात दडलेलं नंतर थोडंफार उजळून काढता येतं. पांढरं एकदा जळलं की त्यात काही उरतच नाही. बँकेच्या भाषेत, काळं म्हणजे थकलेलं कर्ज, काही वसुली होते. जळालेलं पांढरं म्हणजे सरळ बुडीत खातं.

जळलं की नाही हे जागेवरच कळतं. कॅमेऱ्यात एक सोय असते, जळालेला भाग पडद्यावर लुकलुकतो. ती सोय चालू करून ठेवा. शिवाय हिस्टोग्राम नावाचा आलेख असतो. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. त्याचा डोंगर उजव्या भिंतीला टेकला नाही, जवळ जाऊन थांबला, तर बगळ्याच्या पिसांत सावली शिल्लक आहे असं समजा. सरांची सावली ती हीच.

पुढे मला एका होडीवाल्याने शिकवलं. तो मासेमारी करणारा माणूस, हिवाळ्यात आमच्यासारख्यांना होडीतून फिरवतो. त्याने कॅमेरा कधी हातात धरलेला नाही. एकदा मी दर फोटोला बटणं फिरवत होतो तेव्हा तो म्हणाला, “साहेब, ऊन तर तेच हाय. मग तुम्ही सारखं काय फिरवताय?” मी थांबलो. खरंच की! बगळा पाण्यावर असो, झाडीसमोर असो की आकाशात असो, त्याच्या अंगावर पडणारं ऊन तेच. बदलतं ते मागचं. मग कॅमेऱ्याला दर वेळी मागचं बघून हिशेब करू कशाला द्यायचा? त्या दिवसापासून ऊन स्थिर असलं की मी सगळं हाताने ठरवतो, मॅन्युअल. नऊच्या सुमाराचं स्वच्छ हिवाळी ऊन पाठीशी असलं तर बगळ्यासाठी सुरुवात एफ ६.३, १/२५००, आयएसओ ४००. एक फोटो काढायचा, लुकलुकतं का बघायचं. लुकलुकलं तर थोडं कमी करायचं आणि मग त्या बटणांना हात लावायचा नाही. बगळा उडून कुठेही जावो, हिशेब बरोबर येतो. ढग ये-जा करत असतील त्या दिवशी मात्र आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवतो आणि प्लस-मायनस आपल्या हातात ठेवतो.

त्याच होडीवाल्याची आणखी एक सवय सांगतो. थव्याच्या फार जवळ गेलं की तो होडी थांबवतो आणि कितीही पैसे दाखवले तरी पुढे नेत नाही. “उडवून फोटो काढायचा तर घरी कोंबडीचा काढा,” म्हणतो.

आता रंग.

उजेडालाही रंग असतो, हे आपल्याला जाणवत नाही. सूर्य उगवताना तो केशरी, दुपारी पांढरा, झाडाच्या सावलीत निळसर, कारण तिथे सूर्याचा नाही तर आकाशाचा उजेड पोचतो. आपला मेंदू हे सगळं परस्पर सावरून घेतो, म्हणून सदरा सकाळ-दुपार पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला ते सांगावं लागतं. त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात आणि तो केल्विनच्या आकड्यांत मोजतात. स्वच्छ उन्हाला साधारण ५२०० ते ५५००, ढगाळ हवेला ६०००च्या आसपास, सावलीत ७०००. ‘ऑटो’वर ठेवलं तर कॅमेरा पहाटेचं सोनं पुसून तिथे दुपार आणून ठेवतो. एका फोटोत पाणी पिवळं, पुढच्यात निळं, असाही घोळ होतो. म्हणून मी ‘डेलाइट’वर कायम ठेवतो. सकाळचे सगळे फोटो निदान एका सुरात येतात.

दुसरी गोष्ट, फोटो ‘रॉ’ स्वरूपात काढा. जेपेग म्हणजे शिजवलेली भाजी, मीठ पडलं ते पडलं. रॉ म्हणजे कच्चा भाजीपाला. रंगाचा निर्णय घरी जाऊन, शांतपणे, पुन्हा घेता येतो. पहिली दोन वर्षं मी कार्डावर जागा वाचवायला जेपेग काढले. त्यातल्या कित्येक सकाळी आता दुरुस्त होत नाहीत.

तिसरी गोष्ट, कॅमेऱ्यात ‘व्हिविड’, ‘स्टँडर्ड’, ‘न्यूट्रल’ असे रंगाचे ठसे असतात. आपल्याला व्हिविडचा मोह होतो. रोहित पक्षी बसलेला असतो तेव्हा पांढरट गुलाबी. पंख उघडले की आतला लालसर पट्टा आणि काळी किनार दिसते, म्हणून तर त्याला अग्निपंख म्हणतात. त्याचा गुलाबी रंगही स्वतःचा नव्हे, तो खात असलेल्या शेवाळातून आणि बारीक जलचरांतून येतो. व्हिविडवर त्या लालाचा एकच गोळा होतो, पीस न पीस वेगळं दिसत नाही. गंमत म्हणजे एकूण आलेख ठीक दिसत असतो, पण लाल रंगाचा वेगळा आलेख उघडला तर तो भिंतीला आपटलेला असतो. छोट्या निखाराच्या नारिंगी छातीचंही तसंच. आणि तुम्ही रॉ काढत असलात तरी कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसणारं चित्र आणि आलेख त्या ठशातूनच आलेला असतो. म्हणून न्यूट्रल ठेवा. पडद्यावर फोटो जरा फिका दिसेल, पण आलेख खोटं कमी बोलेल.

मग पक्ष्याचा खरा रंग कोणता? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. खंड्याच्या पाठीवरच्या निळ्यात निळा रंगच नसतो. पिसांची सूक्ष्म रचना अशी असते की त्यातून निळा उजेड तेवढा परत फिरतो. जांभळा शिंजीर एका बाजूने कोळशासारखा काळा आणि जरा मान वळवली की जांभळा-निळा चमकतो. दोन्ही खरंच. म्हणून मी स्वतःशी एक साधा नियम केला, त्या क्षणी माझ्या डोळ्याला जे दिसलं ते कागदावर यावं. त्याहून जास्त नको, कमी नको.

या नियमावर मी इतकी वर्षं चाललो आणि याच नियमाने मला तोंडघशी पाडलं.

हात वर करा बघू, मोतीबिंदूचं ऑपरेशन किती जणांचं झालंय? बघा, अर्धा वर्ग! मग पुढचं तुम्हाला पटकन समजेल.

२०२३च्या जानेवारीत माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा पुढच्या महिन्यात व्हायचा होता. पट्टी निघाल्यावर घरी आलो, सहज डावा डोळा झाकून भिंत बघितली. पांढरीशुभ्र. मग उजवा झाकला. तीच भिंत, पण जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळट. मी दोन-तीनदा करून बघितलं. नातू विचारायला लागला, आजोबा कुणाला डोळा मारताय? डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, निळा उजेड अडवतं. हे इतकं हळूहळू होतं की कळत नाही. नवं भिंग स्वच्छ आहे, म्हणून निळं आत आलं.

त्या रात्री मी कॉम्प्युटर उघडला आणि बगळे काढून बसलो. उजव्या डोळ्याने बघितलं आणि पोटात खड्डा पडला. सगळे बगळे निळे होते. धुणं धुताना नीळ जास्त पडली की धोतराला जशी छटा येते, तशी.

रॉ फोटोंचा एक गुण असा की त्यात नोंद राहते. कॅमेऱ्याने काय आकडा दिला होता आणि मी घरी बसून तो किती केला, दोन्ही दिसतं. मी जुनी खातेवही तपासावी तसा वर्षवार बसलो. कॅमेऱ्याचा आकडा प्रत्येक वर्षी तोच, ५२००. २०१३मध्ये मी तो तसाच ठेवलेला. २०१६मध्ये ४९००. २०१९मध्ये ४५००. २०२२मध्ये ४२००. आकडा जितका खाली, तितका फोटो निळा. पडद्यावर ‘पांढरा शुभ्र’ बगळा शोधायला बसायचो, तेव्हा माझा हात दर वर्षी थोडा थोडा निळ्याकडे सरकत होता. दहा वर्षांत एकदाही मला शंका आली नाही. मी तर माझ्या डोळ्याशी प्रामाणिक होतो! पण डोळाच बदलला होता.

आता त्या भिंतीवरच्या फोटोकडे या. तो २०१९चा. त्याचा आकडा ४५००.

त्या मेळाव्याच्या दिवशी फोटो भिंतीवर चढला, टाळ्या झाल्या, मी खूश. चहाच्या वेळी आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. पाणी वाटायच्या कामावर होती. म्हणाली, “आजोबा, हा बगळा निळा का आहे?” मी हसून तिला समजावलं. म्हटलं, पांढऱ्यावरची सावली काळी नसते बाळा, निळसर असते, कारण तिथे आकाशाचा उजेड पडतो. हे मी खोटं बोललो नाही, तसं असतंच. ती फोटोकडे परत गेली, जवळ उभी राहिली, परत आली आणि म्हणाली, “पण उन्हातला भागपण निळा आहे. आणि चोच पिवळी असते ना? ही हिरवट आहे.”

मित्रहो, ती नीट बघत होती. सावली कुठली, ऊन कुठलं, हे तिने वेगळं केलं होतं. चोचीवरून ताळा करून दाखवला होता. आणि मी काय केलं? चारचौघांत तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणालो, “तू अजून लहान आहेस, फोटो बघायला शिकावं लागतं.” सगळे हसले. ती पण हसली आणि ट्रे घेऊन निघून गेली.

२०२३च्या त्या रात्री मला तीच आठवली. आयुष्यभर बँकेत मी दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या. एक पैशाचा फरक आला तरी संध्याकाळी घरी जायचो नाही. आणि एका मुलीने माझी चूक बोट ठेवून दाखवली, तर मी वयाच्या जोरावर ती बंद केली. फोटोचा रंग चुकला त्याला मोतीबिंदू जबाबदार. ती टपली मात्र माझीच. तिला गप्प केलं तेव्हा माझ्या डोळ्यावर कसला पडदा होता, त्याचं ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात होतं, मला सांगा.

ती मुलगी आता शाळेतून बाहेर पडली असेल. मी बाईंकडे चौकशी केली, पण मला नाव आठवत नाही, चेहराही धड आठवत नाही. म्हणून हे भाषण स्मरणिकेत छापावं अशी मी संयोजकांना विनंती केली आहे. कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी हातून हे तिच्यापर्यंत पोचलं, तर तिला कळू दे. बाळा, तू बरोबर होतीस. बगळा निळा होता. शिकायचं मला होतं.

आता मी काय करतो ते सांगून संपवतो. सकाळी होडीत बसल्यावर पहिला फोटो पक्ष्याचा काढत नाही. करड्या रंगाचा एक पुठ्ठा बाजारात मिळतो, तो त्याच उन्हात धरून त्याचा फोटो काढतो. घरी आल्यावर कॉम्प्युटरला सांगतो, हा पुठ्ठा करडा आहे, यावरून रंग लाव. मग पहाटेचं सोनं ठेवायचं असेल तर थोडं मुद्दाम ठेवतो, पण किती ठेवलं ते मला ठाऊक असतं. ज्या खोलीत बसतो तिथला पिवळा दिवा बंद करतो, कारण दिव्याच्या रंगानेही डोळा फसतो. आणि छापायला देण्याआधी फोटो नातवाला दाखवतो. त्याचे डोळे नऊ वर्षांचे आहेत. तो जे म्हणेल ते आधी ऐकून घेतो, टपली मारत नाही.

ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा नाही त्यांच्यासाठी एकच. मोबाइलवर फोटो काढताना पक्ष्यावर बोट टेका. बऱ्याच फोनमध्ये बाजूला सूर्याचं चिन्ह येतं. बगळा असेल तर ते खाली ओढा, पिसांत सावली दिसेपर्यंत. कोतवाल आकाशासमोर असेल तर वर ओढा. एवढ्याने तुमचे निम्मे फोटो सुधारतील आणि ग्रुपवर चुन्याचे बगळे येणं थांबेल.

त्या २०१९च्या फोटोची नवी प्रत मी करून आणली आहे. तीच सकाळ, तोच बगळा, तेच रॉ. आकडा ५२००. चोच पिवळी आहे, उन्हातलं पीस पांढरं आहे आणि पोटाखालच्या सावलीत निळं आहे, जेवढं असायला हवं तेवढंच. बाई म्हणाल्या, जुना काढून टाकू. मी म्हटलं, नको. दोन्ही शेजारी शेजारी लावा. खाली नुसते आकडे लिहा, ४५०० आणि ५२००. चित्रकलेच्या तासाला मुलांना विचारा, कुठला बरोबर आणि कशावरून. जे मूल चोचीवरून सांगेल, त्याला माझ्यातर्फे एक रंगपेटी. त्याची सोय मी बाईंकडे करून ठेवली आहे.

सर, नवा फोटो आधी तुम्ही बघावा अशी इच्छा आहे. पन्नास वर्षांपूर्वी तुम्ही पांढऱ्यात सावली शोधायला सांगितलं होतं. जरा उशीर झाला, पण गृहपाठ आणलाय. मार्क काय द्यायचे ते द्या, फक्त ‘पुन्हा काढून आण’ म्हणू नका. गुडघे आता होडीत चढू देत नाहीत.

आणि बाकीच्यांना आमंत्रण. जानेवारीत एक सकाळ ठरवू. पहाटे साडेपाचला शाळेच्या फाटकाशी जमायचं, कानटोपी आणायची, थर्मासमध्ये चहा मी आणतो. पाण्याखाली ज्यांची घरं गेली तेही या. तिथे आता कोण राहायला आलंय, ते एकदा बघू.

जे झोपले होते त्यांचे आभार, घोरले नाहीत म्हणून.